हेल्मेटखालची जट

माझं माहेर आटपाडीकडलं, मेंढरावाल्याचं. लगीन होऊन विट्याजवळ आले. मालक टेंपो चालवायचं, त्यांना सायकलीचा लय नाद, म्हनून पोरीला शर्यतीची सायकल त्यांनीच आनली. पोर जिल्ह्यात पयली आली, मग काय सांगू तुमाला, सकाळ-दुपार सरावच.

शर्यतीत हेल्मेटबिगर उभं करत न्हाईत. तिचं केस कमरंपातूर, अंबाडा घालून वर त्ये हेल्मेट, वैशाखाचं ऊन, आतलं इस्पंज पिळलं तर घाम गळायचा. केस वाळायच्या आत दुपारी पुन्ना तेच डोक्यावर. इंचरायला येळ कुठला, मानंवर असा गुंता झाला की फनी शिरंना. सासू म्हनली जट आली, देवीनं धरलं पोरीला, आता कात्री लावायची न्हाई, सायकल बंद.

माझ्या थोरल्या भनीला अशीच जट आलती. देवीची म्हनून ठेवली, लगीन केलं न्हाई, त्या वज्यानं तिची मान वाकली आन् तशीच मेली. मी रोज तिच्याजवळ निजायची, मला त्यात देवी दिसली न्हाई, वास यायचा निस्ता. म्हनून मी पोरीला अंगनात बसवली आन् कात्री घेतली, पर हात चालंना. तवा मालक म्हनलं काप तू, काय व्हायचं ते माझं व्हईल.

कापली. म्हैन्याच्या आत मालक टेंपोतच बसल्या जागी गेलं, काळीज बंद पडलं. सासू म्हनली त्यानं मागून घेतलं. पोरीनं हेल्मेट खुटीला अडकवलं, म्हनली आये, मी माझ्या बाला खाल्लं. मला रडू आलं न्हाई, आजून येत न्हाई. दिवसकार्य झालं आन् मी त्यातलं इस्पंज धुतलं, उनात वाळवलं, हेल्मेट तिच्या डोक्यावर ठिवून पट्टा लावला, म्हनले तुझा बा दुखन्यानं गेला, केसाचा काय संबंध न्हाई, जा.

आता जाती रोज. बारीक केस हायती, बरं दिसत्यात. संबंध न्हाई हे मी तिला सांगते, सासूला सांगते, तुमालाबी सांगितलं. माझ्या मनात काय हाय त्ये मी बघायला जात न्हाई. सांजचं पोर आली का आदी तिच्या घामेजल्या केसात बोटं घालते, पार मानंपातूर फिरवते. बोटं कुठं अडकली न्हाईत का मग चुलीवर तवा ठेवते.