अंगठ्याची पाठ

बायको : दुकान झाडून झालं, आरसे पुसून झाले, आणि मालक बसलेत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत! वस्तरा घ्या म्हणते मी हातात.

न्हावी : वस्तरा उजव्या हातात असतो गं, पण गाल ताणून धरतो तो डावाच. त्याचा अंगठा बधिर झालाय. कुणाचा गाल कापला म्हणजे?

बायको : मला दोष द्यायचाय ना? सरळ द्या.

न्हावी : मी ऑपरेशनआधी एवढंच सांगितलं होतं, बायपाससाठी शीर पायातली घ्या, हाताला हात लावू नका.

बायको : आणि 'अडलंच तर बायकोला विचारा' हे कोण म्हणालं? ऐन ऑपरेशनात आतून विचारायला आले, हातातली घेऊ का म्हणून. म्हटलं, हाताचं नंतर बघू, आधी माझा माणूस परत द्या.

डॉक्टर : येऊ का आत? दाढी वाढलीये.

बायको : अगंबाई, डॉक्टर! कापलंत तुम्ही, आता निस्तरा तुम्हीच.

डॉक्टर : परवा तपासणीला आलात तेव्हाच म्हणालात ना वहिनी, दुकान अजून बंद आहे म्हणून? म्हटलं, आपणच जावं.

न्हावी : शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना तुम्ही पायातली शीर लावलीत. हृदय दोघांचंही चालू ठेवूनच केलंत. मग हात माझाच का?

डॉक्टर : त्यांच्या शिरा चांगल्या निघाल्या. तुमच्या वरून बऱ्या दिसल्या, आत फुगलेल्या. जन्मभर या खुर्चीमागे उभे राहिलात ना! मुख्य जोड छातीतल्या धमनीचा दिला, दुसऱ्या जोडाला हातातली धमनी घेतली. आणि खरं सांगू? पायातल्या शिरेपेक्षा ती सहसा जास्त वर्षं टिकते.

न्हावी : म्हणजे मास्तरांपेक्षा माझं काम पक्कं?

डॉक्टर : त्यांना सांगू नका.

बायको : हसले! देवा, किती दिवसांनी हसले हो!

न्हावी : पण अंगठा?

डॉक्टर : तळहाताला रक्त नेणाऱ्या वाहिन्या दोन. मनगट दाबून आधीच तपासलं होतं, उरलेली एकटी पुरते. बधिर आहे ती फक्त अंगठ्याची पाठ, तिथली स्पर्शाची नस दुखावलीय. बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते. तुम्ही गाल काय पाठीने ताणता? धरा माझा.

न्हावी : धरला. ...इथं हनुवटीखाली केस उलटे वाढतात तुमचे.

डॉक्टर : डोळ्यांना दिसले?

न्हावी : नाही. बोटांना लागले. ...अगं, बोटांना लागले!

बायको : ऐकलं मी. जरा थांबा, डोळे पुसू दे.

न्हावी : रडतेस काय, फेस कर आधी. वस्तऱ्यात नवं पातं घाल. पण डॉक्टर, कापलं तर?

डॉक्टर : तुम्ही अख्खी छाती दिली होतीत माझ्या हातात. मी नुसता गाल देतोय.

(न्हावी खुर्चीतून उठतो. डॉक्टर बसतात.)

न्हावी : मान सैल सोडा. घाबरू नका.

डॉक्टर : छे, मी कुठे घाबरलोय?

न्हावी : मीही त्या दिवशी तुम्हाला असंच म्हणालो होतो.