मोरेकाकांच्या पोटातली दिव्यांची माळ

आता फोटो बिघडला की लगेच कळतं रे. तेव्हा रोल धुऊन येईपर्यंत सगळा रामभरोसे कारभार. कात्रपला आमच्या शेजारच्या मोरेकाकांनी नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला बिल्डिंगवर दिव्यांच्या माळा सोडल्या. अंधार पडल्यावर मला म्हणाले, “बिल्डिंगसकट माझा एक फोटो काढ. गावी पाठवायचाय.”

मी नवशिका, पण ऐट फोटोग्राफरची. कॅमेरा स्टँडवर लावला आणि बजावलं, “काका, फ्लॅश मारला तर दिव्यांची मजा जाईल. शटर अर्धं मिनिट उघडं ठेवतो. अजिबात हलायचं नाही.”

“अरे, पुतळा होतो बघ!”

झाले पुतळा. मी शटर उघडलं. तेवढ्यात गेटातून पाहुणे आले. “या, या, या!” करत काका धावले, नमस्कार-चमत्कार झाले, आणि परत येऊन त्याच जागी, त्याच पोजमध्ये उभे. वर मलाच म्हणतात, “बघ, जागा चुकलो नाही!”

फोटो धुऊन आला. बिल्डिंग झकास, पण काका आरपार! ते गेटाकडे पळाले तेवढ्यात मागचे दिवे रोलवर उमटले, त्यामुळे पोटातून चक्क दिव्यांची माळ दिसतेय. मी घाबरत घाबरत तो काकूंच्या हातात दिला. त्यांनी नीट निरखला.

“हुबेहूब आलेत,” काकू म्हणाल्या. “घरात असेच तर असतात हे. दिसतात, पण नसतात.”