रुमालाखालचा बीकॉम

…नाही, पण मी म्हणतो, ही विद्यापीठं पोरांना शिकवतात तरी काय? मला तयार माणूस हवा होता हो, तयार! आता तुम्ही म्हणाल, शेट, तुम्ही स्वतः किती शिकलात? चौथीत मास्तरांनी हात जोडले, मी दप्तर उचललं. तेव्हापासून मालवण बंदरात आंब्याचा व्यापार. पण मुंबईच्या पेढ्यांवर म्हणे ग्रॅज्युएट बसतात, मग आम्हीच काय कुणाचं घोडं मारलंय? ठेवला एक! वालावलचा गुरुदास, मुंबईचा बीकॉम. हापूससारखा देठाशी हुंगून बघितला नाही, एवढंच!

तुम्हाला सांगतो, मोसमातला शेवटचा माल, आंबा पिकायला लागलेला, मुंबईला माल नेणारा मचवा सकाळी सुटणार, आणि मुंबईचे भिकाजीशेट सौद्याला हजर. आमचा सौदा रुमालाखाली! तोंडातून अक्षर नाही, भाव बोटं दाबून सांगायचा. अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. आणि मला कुठली दुर्बुद्धी… म्हटलं, दाखवूया आपला ग्रॅज्युएट! "गुरुदास, जा रे, बस रुमालाक!"

भिकाजीशेटांनी सुरुवातीचा, नुसता थट्टेचा भाव टाकला… कैरीचा हो! आणि आमचे बीकॉम? चेहरा फुलला, "गुड मॉर्निंग, सर!" म्हणत शेटांचा पंजा धरला आणि असा गदागदा हलवला, असा हलवला… शेकहँड! हापूस कैरीच्या भावात, आणि मी मटकन करंडीवर!

घरी येऊन ओरडलो, "त्या विद्यापीठाक आग लावा! माका तयार माणूस होयो!"

आमची बायको आनंदीबाई बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी शिकवलात त्याका?"

"मी? धंद्यातला गुपित शिकवू? उद्या स्वतःचो धंदो घालीत तो!"

"मगे आवशीच्या पोटातसून शिकान येतलो?"

मग काय, बसवला गुरुदासला पडवीत, टाकला रुमाल. पोरगं हुशार हो, एका बैठकीत सगळी बोटं पाठ! म्हटलं, "आता कर बघूया एक सौदो माझ्यावांगडा."

त्याने बोटं दाबली. काय तो भाव! हापूसला जन्मात मिळाला नव्हता! मी खुशीत अख्खा पंजा दाबला.

"झाला पक्का, शेट," गुरुदास म्हणाला. "माझा पगार!"

आनंदीबाई साक्षीला उभी. रुमालाखालचा शब्द मोडता येतो का?

तर मंडळी, मिळाला हो मला तयार माणूस… परवडत नाही!