आठवं बटण

(सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला. बंद दारासमोर बाकावर आजी आणि ताई. दाराशी स्टुलावर शिपाई, मांडीवर पितळी घंटा.)

आजी : मी कोपऱ्यात बसेन. खोकणारसुद्धा नाही, मग तर झालं?

शिपाई : मावशी, तिसऱ्यांदा सांगतो. आत एक पोर आणि तीन परीक्षक. आई नाही, बाप नाही, शिकवणारी ताईसुद्धा नाही. ही ताई बघा, बसलीये की नाही गप्प?

आजी : त्यांना बोलता येतं, म्हणून त्या गप्प बसू शकतात. माझ्या नातीचं तसं नाही हो.

ताई : आजी, टेका जरा. सात मिनिटांचा तर प्रश्न आहे.

आजी : सात मिनिटं! ताई, तुम्ही तिला आठ महिने बघताय, मी चौदा वर्षं. सात मिनिटं सलग बोललेली मी तिला पाहिलेली नाही. वर्गात मौनी म्हणतात तिला. हजेरीला बाई हिचं नाव घेतात आणि शेजारची मुलगी 'हजर' म्हणते. इतकी सवय झालीये की एकदा ही आजारी होती, तरी शेजारणीने 'हजर' म्हटलं.

शिपाई : मग लागली का हजेरी?

आजी : लागली तर! दिवसभर कुणाला कळलंसुद्धा नाही.

ताई : माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गातही पहिले तीन शनिवार तसेच गेले. मी कॉम्प्युटरवर प्रश्न टाइप करायचे, ती खाली उत्तर टाइप करायची. एका बाकावर बसून, खांद्याला खांदा लावून. बाकीची मुलं खुसुखुसू हसायची.

आजी : आणि चौथ्या शनिवारी तुम्ही वायर उलटी जोडलीत. 'ताई चुकल्या' म्हणून घरी येऊन सांगितलं तिने. आपणहून! आणि त्या दिवशी पोटभर जेवली. फार हुशार तुम्ही, मुद्दाम केलंत ना?

ताई : सगळ्यांना मुद्दामच वाटतं. खरं सांगू? मी सपशेल चुकले होते. ऑफिसात दिवसभर प्रोग्राम लिहिते मी, वायरींशी माझं कधीच जमलं नाही. जोडायला गेले, आणि ही केवढ्यांदा ओरडली, 'थांबा!' सगळी खोली वळून बघायला लागली. तिचा तो चेहरा बघितला आणि म्हटलं, आपलं चुकणंच हिच्या कामाचं आहे. मग मी बरोबर असायची घाईच सोडून दिली. 'आता काय करू या गं?' म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबणं इतकं अवघड, आजी! जीभ दातांखाली धरून बसायचे.

आजी : मला नाही ते जमायचं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड. पलीकडचा माणूस 'अं...' म्हणायच्या आत मला कळायचं, कुठला नंबर हवाय ते. घरीही तेच. पोरीने तोंड उघडायच्या आत पाणी पुढे, स्वेटर पुढे, उत्तर पुढे. सून म्हणते, 'आई, तिला मागू तरी द्या.' पण सून नर्स, तिची ड्यूटी. पोर माझ्याच हाताखाली वाढली.

शिपाई : दीड मिनिट झालं.

आजी : आतून काहीच ऐकू येत नाही.

ताई : येईल. आम्ही ठरवलंय, आधी फळी बोलणार. पहिलं बटण दाबायचं. परीक्षक दचकतील, हसतील, आणि मग ही सुरू करेल. दहा वेळा करून बघितलंय. फळीने सुरुवात केली की तिचं सगळं रुळावर येतं.

शिपाई : कसली फळी म्हणायची ही?

आजी : अहो, हिच्या आजोबांना झटका आला गेल्या वर्षी. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घड्याळजी होते ते. तांदळाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचे, आता चमचा धरवत नाही. डावं बोट तेवढं चालतं. म्हणून हिने फळीला आठ बटणं बसवली, आत काय ती यंत्रं भरली. बटण दाबलं की फळी बोलते. 'पाणी', 'उशी', 'खिडकी उघडा'.

शिपाई : कुणाच्या आवाजात?

आजी : हिच्याच.

शिपाई : जी बोलत नाही तिच्या?

आजी : तेच तर! रेकॉर्ड करायला न्हाणीघरात जाऊन बसायची, कडी लावून. आता सकाळी मी स्वयंपाकघरात असले की आतल्या खोलीतून हिचा आवाज येतो, 'उशी'. आणि ही शाळेत गेलेली असते.

ताई : मग आज त्यांच्याजवळ कोण आहे?

आजी : शेजारीण बसलीये. फळी इथे आणावी लागली ना. काय करणार! निवड झाली नाही तर म्हणे तुमचा वर्गच बंद?

ताई : तिच्यापुरता. चाळीस मुलांतली बारा ठेवणार पुढच्या वर्षाला. नाव यादीत नसलं तर आजचा तिचा शेवटचा शनिवार. मी विचारून बघितलं, नुसती बसवते म्हटलं, एका कोपऱ्यात. नाही म्हणाले. माझ्या हातात काही नाही, आजी.

आजी : आपल्या दोघींच्याही नाही. तरी बरं, सकाळची ती बसमधली गंमत बघून घाबरली नाही. सांगितलं का तिने? गर्दीत पिशवी दाबली गेली आणि पिशवीच ओरडायला लागली, 'पाणी! पाणी!'. एका गृहस्थांनी तर खरंच बाटली पुढे केली! 'कुणाला हवंय हो पाणी?' सगळी बस हसते आहे. पोर कानापर्यंत लाल, खिडकीला नाक लावून बसली. मला बघवेना. मग मी हळूच पिशवीत हात घातला आणि...

ताई : आणि?

आजी : सेल काढले.

ताई : परत घातलेत ना?

आजी : हे बघा. रुमालात बांधून ठेवलेत. हरवू नयेत म्हणून. चारही.

ताई : आजी!

आजी : काका, अहो काका, एवढं आत नेऊन द्या. एवढीशी तर पुरचुंडी आहे. तिला म्हणावं, आजीने दिलेत. नाहीतर नको, माझं नावसुद्धा घेऊ नका.

शिपाई : ठेवा ते पर्समध्ये. मागल्या वर्षी एका बापाने दाराखालून चार्जर सरकवला. पोराचं नाव खोडलं तिथल्या तिथे. पोरगं जिन्यात बसून रडत होतं आणि बाप त्याच्यापेक्षा जास्त. तुम्हाला पाहिजे का तसं?

आजी : मग मीच आत जाते. चूक माझी आहे. दोन वाक्यं सांगते त्यांना आणि बाहेर येते. ताई, हात सोडा माझा.

ताई : नाही सोडणार.

आजी : सोडा म्हणते ना!

ताई : तुम्ही आत जाऊन दोन वाक्यं बोललात, की तिची सगळी वाक्यं संपली. बसा, आजी. मलाही जावंसं वाटतंय.

शिपाई : हे पाहा, पाण्याचे ग्लास न्यायची माझी वेळ झालीच आहे. तेवढं बघून येतो. न्यायचं-आणायचं काही नाही, नुसतं बघणार. हलू नका कुणी.

आजी : सेल उतरतील म्हणून नाही काढले, ताई. तिला लोक हसले म्हणून काढले.

ताई : माहीत आहे मला.

आजी : यांच्याही बाबतीत हेच होतं. पाहुणे आले की मीच सांगते, यांना काय वाटतंय ते. लोक म्हणतात, बाई, तुम्हाला किती कळतं यांच्या मनातलं! ... आले बाई काका एकदाचे. काय करतेय हो?

शिपाई : उभी आहे. बटण दाबलं. परत दाबलं. मग फळी उलटी केली, मागचं झाकण उघडून बघितलं. आणि लावून टाकलं.

आजी : आणि चेहरा?

शिपाई : चेहरा नका विचारू, मावशी.

ताई : किती झाली?

शिपाई : तीन मिनिटं होत आली.

आजी : एक बाई होती. दर रविवारी ट्रंक कॉल लावायची, परगावी मुलाकडे. मी जोडून द्यायचे. तीन मिनिटं मिळायची तेव्हा. एका रविवारी दोघंही गप्प. मला वाटलं लाइन गेली. ऐकलं तर दोघांचाही श्वास येत होता. डेड लाइन आणि गप्प माणूस यात फरक असतो, कानाला लगेच कळतो. तरी मला राहवलं नाही. मध्ये पडले. 'बोला हो बोला, वेळ संपत आली,' म्हटलं. ती बाई काय म्हणाली ठाऊक आहे? 'ऑपरेटर, आम्ही बोलतोच आहोत. तुम्ही जरा बाजूला व्हा.'

ताई : मग?

आजी : मग काय, झाले बाजूला. पण पुढच्या रविवारपासून तिने माझ्या पाळीत कॉल लावणंच सोडलं. चाळीस वर्षं झाली. आज आठवतंय बघा, मेलं.

शिपाई : श्श! काहीतरी बोलतेय.

आजी : सरका तुम्ही. मला जन्मभर कानाचाच पगार मिळालाय.

ताई : काय म्हणतेय?

आजी : थांबा... 'सेल नाहीत.'

ताई : असं म्हणाली? मोठ्याने?

आजी : मोठ्याने कुठलं! पण म्हणाली. आता कुणीतरी विचारतंय, मग कसं दाखवणार... 'मीच म्हणते.'

शिपाई : अरे वा!

आजी : गप्प बसा हो! ... 'पहिलं बटण. पाणी.' ... 'दुसरं. उशी.' मध्ये थांबतेय. बोट ठेवत असणार एकेका बटणावर, बघा. 'खिडकी उघडा.' ... 'दुखतंय.' अगं, जरा वर बोल, टेबलाच्या पलीकडे जात नसणार काही! ... 'हो.' ... 'नको.' ... 'बातम्या लावा.'

ताई : सात बटणं झाली. आठवं?

आजी : म्हणाली.

ताई : अडखळली का?

आजी : नाही. सगळ्यांत स्पष्ट तेच म्हणाली. मला वाटायचं, ते बटण बिघडलंय. हे एकसारखं तेच दाबत बसतात. मी म्हणते, 'कळलं हो कळलं, पाणी ना? उशी ना?' आणि बोटाखालून फळी बाजूला काढते. पुरतं ऐकलंच नाही कधी. त्या बिचाऱ्या फळीचा आवाज अर्ध्यातच तुटतो.

शिपाई : काय म्हणतं पण ते बटण?

आजी : 'मला बोलू दे.'

ताई : मी तिला विचारलं होतं, आजोबांना काय काय लागतं ते लिही. सात पटापट लिहिली. आठवं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी म्हटलं, हे आजोबांचं की तुझं? त्याचं उत्तर नाही दिलं तिने. मीही पुन्हा विचारलं नाही.

आजी : तुम्ही विचारलं नाहीत. मी असते तर... श्श. एक जाडा आवाज विचारतोय. 'फळी बोलेल, ठीक आहे. पण ऐकणारा थांबलाच नाही तर?'

ताई : देवा! हे नव्हतं आम्ही बसवलेलं. काय म्हणतेय?

आजी : काही नाही.

ताई : काहीच नाही?

आजी : श्वास येतोय. लाइन चालू आहे, ताई. ती आहे तिथे.

शिपाई : मावशी, सरका. वेळ झाली.

आजी : काका, अर्धं मिनिट. अर्धं मिनिट उशिरा वाजवा हो.

शिपाई : आत भिंतीवर घड्याळ आहे, तिघंही बघतायत. माझ्या हातात नाही ते.

आजी : घंटा तर तुमच्याच हातात आहे!

शिपाई : तेवढीच आहे, मावशी. ... वाजवतो.

ताई : संपलं. आजी, डोळे पुसा. बाहेर येतेय ती.

आजी : तुम्ही आधी तुमचे पुसा.

शिपाई : ये, पोरी. यादी चार वाजता खाली लागेल, फलकावर. पुढचा कोण? चला, आत.

आजी : बाळ, अगं मी, ते बसमध्ये, मला वाटलं...

नात : आजी, थांब.

आजी : बरं.

नात : ताई, शेवटच्या प्रश्नाला मला काही बोलताच आलं नाही. उत्तर होतं. पण घंटा झाली.

ताई : ऐकलं आम्ही. म्हणजे, आजींनी ऐकलं.

आजी : अगं, त्यांना सांगायचं होतंस की... नाही. राहू दे. तूच सांग, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा. मी थांबते.

नात : चारपर्यंत नको थांबू या.

ताई : यादी मी बघेन. कळवते.

नात : आजी, सेल दे. आत्ताच घालून ठेवते.

आजी : बसमध्ये पुन्हा ओरडेल गं ती.

नात : ओरडू दे. आजोबा सकाळपासून गप्प आहेत.