संक्रांतीच्या वाणात गेलेलं ग्रीक भांडं

नाव शुभदा गुरुप्रसाद केळशीकर, वय ४३, धंदा घरकाम, राहणार अदलिया, बहरीन. आपण होऊन ठाण्यात हजर राहून मराठीतून सांगते की,

माझे यजमान एका बहरीनी साहेबांकडे अकाउंटंट आहेत. साहेबांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. ऑफिसात रंगकाम निघालं म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून यजमानांनी एक भांडं सुट्टीपुरतं घरी आणलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं. आत काय आहे ते बोलले नाहीत. घरात चार शब्द बोलायचे म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

त्या दिवशी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण द्यायला मुंबईहून मातीची सुगडं मागवली होती, त्यातलं एक तडकलेलं निघालं. तडकलेलं देत नाहीत. ओट्यावरचा कागद उघडला, तर काळं कुळकुळीत मातीचं, सुगडाएवढंच, पोटावर उठावाची वेल आणि एका बाईचा मुखडा. मला वाटलं, देवीच आहे. म्हटलं, वा, यांना बरं सुचलं! हळदीकुंकवाची बोटं ओढली, बोरं, हरभरे, तिळगूळ भरला आणि बुसैतीन भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, तेजस्वीला दिलं.

यजमान घरी आले ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अगं बाई, तेवीसशे वर्षांपूर्वीचं ग्रीक भांडं होतं ते!" मी म्हटलं, "मग ओट्यावर कशाला ठेवलंत?" वाण परत मागत नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी फोन केला. तेजस्वी म्हणाली, "अय्या, त्यात तर मी तुळस लावली. आमच्या निहारनं सकाळीच तळाला ड्रिलनं भोक पाडून दिलं."

यजमानांनी साहेबांना सांगितलं, भांडं टॅक्सीत विसरलो. साहेबांनी चोरीची तक्रार दिली आणि काल पोलिसांनी यजमानांना इथे आणलं. इथेही ते टॅक्सीचंच सांगतायत, असं मला आज कळलं. ते खोटं आहे. भाजी चांगली झाली नसेल तर तेवढंसुद्धा खोटं त्या माणसाला बोलता येत नाही. हे माझ्यासाठी बोलले. मला त्यांचा संताप आलाय आणि रडूही येतंय.

तुळस काढून भांडं मी सोबत आणलं आहे. दिलं मी, काय करायचं ते माझं करा. माझ्या नवऱ्याला सोडा.

दुभाषी युस्टेस यांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. शेवटचं वाक्य जबाबात बसत नाही, त्याला वेगळा अर्ज लागतो, असं ते म्हणाले. मी ते खोडू दिलेलं नाही. सही करते.