नलूआत्याचं मरण आणि बदामांचा पाऊस

मंडळी, आजच्या कीर्तनात एक सवाल आहे. उत्तर लगेच देऊ नका, कारण चुकीचंच द्याल! केलेलं काम चांगलं झालं, हे ठरवायचं कुणी? करणाऱ्यानं? पाहणाऱ्यानं? की मोजणाऱ्यानं? ते मागचे काका मोबाईलमधून मान वर काढेनात, म्हणजे त्यांचं उत्तर मला कळलं. ऐका तर!

फलटणला वैजयंताताई निकम नावाच्या बाई. शिवणाचे क्लास घ्यायच्या आणि संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका बघायच्या. त्या मालिकेत होती नलूआत्या. विधवा, तोंडाची फटकळ, मनाची मऊ. ही आत्या एके दिवशी पापड वाळत घालायला गच्चीवर गेली — आणि खाली आलीच नाही! मालिकावाले तिला विसरले! पुढे घरात लग्नं झाली, खून झाला, पण आत्या कुठंय, हे विचारायला एकालाही सवड नाही.

ताईंना ते सहन होईना. त्यांनी मोबाईलवरच्या एका ॲपवर आत्याची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. आत्या गच्चीवरून खाली आली, शेजारणीशी भांडली, आणि भांडून झाल्यावर तिलाच लोणचं देऊन आली. साधी गोष्ट. वाचणारे मूठभर. पण आवडलं की खाली बदाम द्यायची सोय! खायचा नव्हे हो पेटीवाले, पत्त्यातला — लाल!

पहिला बदाम आला आणि ताई कामातून गेल्या. भाकरी तव्यावर, डोळा बदामावर! आणि वाचक तरी कसे? एक म्हणे, भाग फार छोटा. दुसरा म्हणे, संपता संपत नाही. तिसरी म्हणे, आत्याचं लग्न लावा. लावलं! बदाम वाढले. कुणी म्हणालं, नवरा लबाड निघू दे. निघाला! आणखी वाढले. ताईंचे यजमान पुंडलिकराव बिचारे विचारायचे, आत्या आता लोणचं कधी घालणार? तर ताई म्हणायच्या, लोणच्याला बदाम पडत नाहीत.

मग ॲपवरच्याच एका जाणत्या लेखिकेनं कानमंत्र दिला — सगळ्यात जास्त बदाम मरणाला! झालं. ताईंनी आत्याला तापात मारलं. काय तो पाऊस! रडके चेहरे, जोडलेले हात आणि बदामच बदाम! ॲपवाल्यांनी तो भाग पहिल्या पानावर लावला. ताईंनी गल्लीत पेढे वाटले. आत्याच्या मरणाचे पेढे, मंडळी! अहो, निदान सुतक तरी पाळायचं!

त्या गर्दीत मिरजेच्या कुंदा सुतार यांचा निरोप आला. "ताई, माझी आई अंथरुणाला खिळलीय. तिला दिसत नाही. तुमचा प्रत्येक भाग मी तिला वाचून दाखवते. हा वाचला नाही. ती सारखी विचारते, आज नलू काय करतेय? काय सांगू?"

ताई मशीनवर बसल्या, पण टाका धड पडेना. भाग पुसायचा तर त्याखालचे सगळे बदामही पुसले जाणार, अशी त्या ॲपची रीत. पहिलं पान तर जाणारच. शेवटी त्यांनी यजमानांना विचारलं. पुंडलिकराव म्हणाले, "मेलेलं माणूस परत आणायची सोय तुझ्याकडे आहे गं. माझ्याकडे असती, तर मी माझ्या आईला आणलं असतं."

ताई रडल्या. आणि रडता रडता भाग पुसला! बदाम गेले, पहिलं पान गेलं, वाचक चिडले, फसवणूक म्हणाले. ताईंनी नवा भाग लिहिला — आत्याचा ताप उतरला आणि ती उठून शेजारणीशी भांडायला गेली. बदाम? मोजण्यासारखे नव्हतेच. पण कुंदाचा निरोप आला, "आई पोटभर हसली. म्हणाली, नलू तापातून उठलीय, तिला दोन दिवस भांडू देऊ नका."

मग ताई मोहातून सुटल्या? छे! अजूनही उठल्या उठल्या आधी बदामच बघतात. माणूसच ना! फक्त लिहायला बसल्या की मिरजेची ती म्हातारी डोळ्यांपुढे येते.

आता तुम्ही घरी जाल, माझं कीर्तन मोबाईलवर टाकाल, आणि किती जणांनी पाहिलं ते बघत बसाल. खुशाल बघा! पण तुम्ही रांधता, शिकवता, गाता — ते कुणासाठी? सगळ्या गावासाठी, असं सांगू नका, एक माणूस सांगा. आठवेना? मग कीर्तनाचं पुण्य राहू द्या, आधी ते माणूस शोधा! आणि जो कुणाचंच काही मोजत नाही, त्या पांडुरंगाला हात जोडा. टाळ्या नकोत — मी मोजत बसेन!