फिर्मिनच्या पेशींचा पाहुणचार

नाही नाही ताई, ती खुर्ची नको, तिचा एक पाय डगमगतो – इथं बसा, माझ्या शेजारी. पहिल्यांदाच आलात ना रक्त द्यायला? कळतं हो, बाही आत्तापासूनच वर करून बसलात. माझी ही सातवी खेप. मी फिर्मिन. इथं गेंट शहरात स्टेशनमागं फ्राइजची पिवळी गाडी होती ना – तीच माझी. अठ्ठावीस वर्षं बटाटे तळले, आता रक्त देतो. रुग्णाला नाही हं, संशोधनाला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढतात, बशीत ठेवतात, आणि त्यांच्यावर एचआयव्ही सोडतात. अहो, असं काय बघता? बशीत सोडतात, तुमच्या अंगात नाही! सुई नवीकोरी असते, तुमच्यासमोर पाकीट फोडतात. बसा, बसा.

कशाला करतात हे? सांगतो. आत हिल्डे म्हणून आहे, रक्त काढते, तिनं मला सगळं शिकवलंय – तिला शिकवायचं नव्हतं, पण सुई माझ्या दंडात आणि तिच्या हातात, पळून जाणार कुठं बिचारी? तर पेशीत म्हणे जन्मापासूनच पहारा असतो. परका विषाणू शिरला, त्याचं सामान उघड्यावर दिसलं, की पहारेकरी बोंब ठोकतो, आणि ती बोंब ऐकून शेजारच्या पेशी धडाधड दारं लावून घेतात. काही पेशी तर विषाणूला नक्कल काढायला लागणारा कच्चा मालच संपवून ठेवतात – बस म्हणावं उपाशी! पण हा एचआयव्ही महा बेरकी. सगळं सामान कोटात गुंडाळून येतो, गळ्यापर्यंत बटणं लावून, आणि पार पेशीच्या गाभ्यात पोचेपर्यंत कोट काही काढत नाही. पहारेकऱ्याला वाटतं, असेल कुणीतरी घरचंच.

हे ऐकलं आणि मला वाटलं, फिर्मिनच्या पेशी म्हणजे एकेक पैलवान असणार! कारण तिसऱ्या खेपेला त्यांनी मुद्दाम फोन केला – तुमच्याच पेशी हव्यात, दुसऱ्या कुणाच्या नकोत. मी बायकोला म्हटलं, गोडेलीव्ह, ऐकलंस? आमच्या कबुतरांच्या शर्यतींच्या क्लबात सगळ्यांना बिअर पाजली. आणि पाचव्या खेपेला हिल्डेला विचारलं, किती मारले गं माझ्या पठ्ठ्यांनी? ती हसायलाच लागली. म्हणे, मारले? फिर्मिन, तुमच्या पेशींत तो जितक्या मजेत वाढतो तितका कुणाच्यात वाढत नाही! म्हणून तर तुम्ही हवे – पहारा कुठं झोपतो ते तुमच्यातच नीट दिसतं. म्हणजे बघा! अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकाला या-बसा केलं, ते पेशींनीही उचललं वाटतं. हसा, हसा. गोडेलीव्ह दोन दिवस हसत होती. क्लबात अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मग अजून कशाला येतो, असंच ना? वॅफलसाठी. रक्त दिल्यावर वॅफल देतात – छे, कसला वॅफल, पुठ्ठा असतो नुसता. खरं सांगू? आमचा योरिस, मुलगा – त्याला आहे. एचआयव्ही. नऊ वर्षं झाली. रोज गोळी घेतो, ठणठणीत आहे, आता त्याच्यापासून कुणाला लागतही नाही. आम्हाला सांगितलं ते गेल्या ईस्टरला, जेवणाआधी. आणि मी काय केलं? सगळ्यांना चिनी मातीच्या ताटल्या, आणि त्याच्यापुढं – गाडीवरचा कागदी द्रोण. फ्राइजचा. वर लाकडी काटा. ठरवून नाही हो केलं! हात आपोआप गेला कपाटाकडं. त्यानं द्रोणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाला, ‘पप्पा, मेयोनीज नाही?’ – आणि उठून गेला. अकरा महिने झाले, बोलणं नाही. ताटलीनं लागत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, ताई. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. माझ्या पेशी बघा, मुकाट्यानं आत घेतात. बोंब ठोकली ती मी.

त्याला ठाऊक आहे का मी इथं येतो? नाही. काय सांगू – बाळा, तुझा विषाणू माझ्या पेशींत फार छान वाढतो? असं सांगतात का कुणी... हसलात. नाही, हसलात तुम्ही, मी बघितलं. तोही हसेल म्हणता? ...हसेल. असल्या गोष्टींना तो हसतोच, लहानपणापासून. थांबा, थांबा, माझा फोन कुठल्या खिशात – हिल्डे, आलो गं, दोन मिनिटं! नाहीतर असं करा ताई, तुम्हीच जा आधी. डावा हात द्या, छताकडं बघा, काही होत नाही. जा, जा – लावला मी, तिकडं वाजतोय. अहो, वाजतोय! किती बोलता हो तुम्ही, जरा गप्प बसा ना –

हॅलो? योरिस?

मी...